कोड सांगा, मग पुस्तक सांगतो

"सर, कोणतं पुस्तक घेऊ?" नागपुरात जावा शिकवताना नव्या बॅचच्या पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न येतो. विचारणारी मुलं बहुतेक वर्धा-भंडाऱ्याहून येऊन खोली करून राहिलेली, डोळा इथल्या मिहान या उद्योग-क्षेत्रातल्या नोकरीवर. मी उलट विचारतो, "परीक्षेचा कोड काय?" तिथे निम्मा वर्ग गप्प होतो.

कोड म्हणजे उदाहरणार्थ वन-झेड-झिरो-829, ओरॅकलची जावा 17 वरची परीक्षा: 90 मिनिटं, 50 प्रश्न, उत्तीर्ण व्हायला 68 टक्के. म्हणजे 34 प्रश्न बरोबर यायला हवेत. या कोडची विषयसूची ओरॅकलच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. आधी तिची छापील प्रत काढा, पुस्तकाचं नंतर बघू.

एवढा आग्रह का? पुस्तक जुनं असलं की फक्त अपुरं पडतं, असा सगळ्यांचा समज असतो. तसं नाही, ते चक्क चुकीचं शिकवतं. कॅथी सिएरा आणि बर्ट बेट्स यांचं जावा 6 वरचं पुस्तक मला आजही आवडतं. इतकं गमतीदार तांत्रिक लेखन क्वचितच वाचायला मिळतं. पण जावा 6 मध्ये 'स्विच'ला स्ट्रिंग दिली की कोड कंपाइलच होत नसे. 2011 साली जावा 7 आलं आणि तो कोड चालू लागला. इंटरफेसमधल्या मेथडला बॉडी देणं ही चूक होती. 2014 च्या जावा 8 पासून 'डिफॉल्ट' लिहून ती देता येते. मोठ्या भावाचं पुस्तक घरात आहे म्हणून तेच वाचून गेलात, तर पाठ केलेलं उत्तर हमखास चुकणार. 829 साठी मी जीन बोयार्स्की आणि स्कॉट सेलिकॉफ यांचं पुस्तक सांगतो. जाडजूड आहे, दोघांत एक घेतलं तरी चालतं.

खरी डोकेदुखी 'डम्प'ची. फुटलेल्या प्रश्नांच्या पीडीएफ मोबाइलवर फिरत असतात. "सर, हे पाठ केलं तं निघून जाते ना?" अरे, पकडला गेलास तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं, हे तर आहेच. पण मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. इंटिजर प्रकारच्या दोन व्हेरिएबलमध्ये 127 ठेवा आणि दुहेरी बरोबरच्या चिन्हाने तुलना करा: उत्तर ट्रू. 128 ठेवा: फॉल्स! डम्पमध्ये नुसतं 'पर्याय ब' लिहिलेलं असतं. चांगलं पुस्तक सांगतं, की उणे 128 ते 127 या आकड्यांचे ऑब्जेक्ट जावा आधीच तयार ठेवतं आणि तेच पुन्हा वापरतं. त्यापुढे दोन वेगळे ऑब्जेक्ट होतात, आणि ते चिन्ह किंमत नाही, ऑब्जेक्ट तोच आहे का एवढंच बघतं. प्रश्नात त्या चिन्हाऐवजी 'इक्वल्स' आलं की पाठांतरवाला तिथेच अडकतो.

म्हणून सराव-चाचणी विकत घेताना मी एकच बघतो: चुकीचे पर्याय का चुकीचे, हे तिथे लिहिलंय का? नसेल तर पैसे देऊ नका. शंका उरलीच तर जावाचं लँग्वेज स्पेसिफिकेशन फुकट वाचता येतं. रुक्ष आहे, सलग वाचू नका. अडलं की तेवढंच कलम काढा, आणि तोच कोड दोन ओळी बदलून स्वतः चालवून बघा. पाच-सहा जणांची खोली असेल तर एकाने कोड लिहावा, बाकीच्यांनी लॅपटॉपला हात न लावता आउटपुट सांगावं. परीक्षेतही कंपाइलर हाताशी नसतोच.