शिवराया किलोनं गेल्या

हिंगणीच्या आमच्या घरातल्या शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, भंगाराच्या भावानं गेल्या, हा राग अजून उतरलेला नाही.

मोठ्या आईच्या पितळी डब्यात राणीछाप रुपये होते, जॉर्जचे होते, भोकाचे पैसे होते आणि काळ्या पडलेल्या शिवराया. खरेदीदार ओसरीवर बसला. चांदीचा एकेक रुपया त्यानं भिंगाखाली धरून साल वाचलं. त्याला १९३९चा हवा होता. तो फार क्वचित मिळतो. १९४०पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, हेही त्याला पाठ होतं. शिवराया मात्र ओंजळीनं उचलून सरळ तराजूत. "ह्याले कोन विचारते, माय? तांब्याच्या भावानं घेतो." एकही उलटून पाहिली नाही. 'श्री राजा शिव', मागं 'छत्रपति'. कुठं अक्षर ठसठशीत, कुठं अर्धं ठशाबाहेर गेलेलं, काही पेशवाईतल्या दुदांडी, मधे दोन आडव्या रेघांच्या. बाजारात तो त्या सुट्या विकणार, हे उघड होतं. मी आडवा आलो, तर मोठी आई म्हणाली, "जाऊ दे बाप्पा, पऱ्हाटीच्या बियान्याले होतीन."

नवे संग्राहक विचारतात, सगळ्यांत दुर्मीळ नाणं कोणतं? मला हा प्रश्नच पटत नाही. १८१८ सालचा राम-हनुमानाचा 'अर्धा आणा' लाखाला जातो, असं गावोगाव सांगतात. ईस्ट इंडिया कंपनीनं तो कधी पाडलाच नाही. उलट वाशीमकडच्या तऱ्हाळ्याला १९३९मध्ये सातवाहनांची सुमारे सोळाशे नाणी सापडली, तीही पोटीन या हलक्या मिश्रधातूची. पुराणांच्या यादीत नसलेले कुंभ, कर्ण, शक हे सातकर्णी राजे त्यांतून कळले. इतिहाससंशोधक मिराशींनी ती वाचली. सुटी सुटी विकली गेली असती तर?

म्हणून सांगतो, आधी आपल्या मुलखाची नाणी जमवा. कुठून, कुणाच्या घरून आलं ते पाकिटावर लिहा. चिंचेनं घासू नका. नांगराला सापडलं तर १८७८च्या गुप्तधनाच्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, कळवा.

भाव गौण, असं मी म्हणतो खरं. पण त्या डब्यात १९३९चा रुपया होता का, हे मला आजही जाणून घ्यायचंय. आणि खरेदीदारावर कितीही चिडलो, तरी पेरणीच्या तोंडावर मोठ्या आईच्या हातात रोख पैसे त्यानंच ठेवले. इतिहास जपा म्हणणारं आमच्यापैकी कुणी तेव्हा खिशात हात घालत नव्हतं.