व्याऱ्याच्या आधी मढी

मनोविश्लेषक मेलनी क्लाइन यांनी १९३० साली चार वर्षांच्या डिकची हकिगत लिहिली. आज त्याला स्वमग्न म्हटलं असतं, पण स्वमग्नतेचं निदान तेव्हा नव्हतंच. ते मांडणारा कॅनर यांचा ११ मुलांवरचा लेख आला १९४३ मध्ये. डिकला आगगाड्या, स्टेशनं आणि दारांच्या मुठी सोडून कशातच गोडी नव्हती. क्लाइनबाईंनी पुढ्यात दोन गाड्या ठेवल्या, थोरली बाबांची, धाकटी डिकची. त्यानं धाकटी खिडकीपाशी नेली आणि म्हणाला, ‘स्टेशन’. स्टेशन म्हणजे आई, असा अर्थ बाईंनी लगेच सांगूनही टाकला.

मुलांशी खेळत उपचार करणं हेच माझं काम. बारडोलीत हा डिक वरचेवर आठवतो, कारण सुरतेहून खानदेशात जाणारी रेल्वेची तापी लाइन इथूनच जाते. माझ्याकडे येणारं एक खानदेशी पोरगं मुठीत लोखंडी नट गच्च धरून असतं. असल्या टणक वस्तूंवर बालमनोचिकित्सक फ्रान्सिस टस्टिन यांनी बारकाईनं लिहिलंय: मूल त्यांच्याशी खेळत नाही, त्यांचा टणकपणा अंगाला लागला की त्याला धीर येतो. नट टेबलावर घासत हा या लाइनवरची स्टेशनं म्हणत राहतो, “चलठाण, गंगाधरा, बारडोली, मढी, व्यारा.” मी खोलीत असले काय, नसले काय!

त्याच्या आईला घरी ऐकावं लागतं: तू मोबाइल दिलास, तू जवळ घेतलं नाहीस. मनोविश्लेषणाच्या परंपरेतल्या बेटलहाइम यांनी स्वमग्नतेवरच्या १९६७ च्या पुस्तकात आयांवर असंच खापर फोडलं होतं. खरं तर स्वमग्नतेचं मूळ शरीरात आहे, असं मानसशास्त्रज्ञ रिमलंड यांनी १९६४ मध्येच मांडलं होतं, आणि ते स्वतः अशा मुलाचे वडील. आयांना दोष दिल्याचा आमच्या मनोविश्लेषणाच्या शास्त्रावरचा हा डाग पुसला जाणार नाही. म्हणून मी तिच्या सासूबाईंनाही बोलावून घेते आणि त्यांच्यादेखत सांगते, हिचा काही दोष नाही.

कारणांत हे शास्त्र चुकलं, पण मुलापाशी बसावं कसं हे मी त्यातूनच शिकले. दूर गेलेल्या मुलाला थेरपिस्टनं हाक मारायला जावं लागतं, हे बालमनोचिकित्सक अॅन अल्वारेझ यांचं म्हणणं मला क्लाइनबाईंच्या अर्थांपेक्षा जास्त कामाचं वाटतं. बोलणं सुधारायला स्पीच थेरपी आहेच. मी फक्त त्याची स्टेशनं म्हणते, आणि एकदा मढी गाळली. नट थांबला. त्यानं माझ्या ओठांकडे पाहिलं. “मढी.” पुढच्या खेपेला गंगाधरा गाळलं, तर ढुंकूनही बघितलं नाही.

आईनं आता नवापूरपर्यंतची स्टेशनं पाठ केलीत. ती मुद्दाम उलटी म्हणते. त्याला ते अजिबात खपत नाही. रिकाम्या हातानं तो तिचं तोंड दाबून धरतो, आणि ती हसत हसत पुन्हा व्याऱ्यापासून सुरू करते.