आई, एसटी आणि चार स्प्रिंगा

गेल्या दिवाळीत आईनं माझ्या गाडीत बसायला चक्क नकार दिला.

"तू ये आपला तुझ्या गाडीनं. मी केजहून एसटीनं येते," म्हणाली. नांदूरघाट ते पुणे म्हणजे अडीचशेच्या वर किलोमीटर. तिच्या मणक्याचं दुखणं जुनं आहे, दर तीन महिन्यांनी पुण्याला डॉक्टरांकडे यावं लागतं. दारात पोराची गाडी उभी, आणि बाई एसटीच्या गोष्टी करतेय! बाबा काहीच बोलले नाहीत. नुसते गाडीच्या मागच्या चाकाकडे बघत राहिले.

गाडी म्हणजे सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय. 1.2 लिटरचं टर्बो इंजिन, 105 पीएस, सात गिअरचा डीएसजी. आपल्या चाकणलाच बनलेली. 2022 मध्ये भारतात पोलो बंद झाली, त्यामुळे जीव जरा जास्तच. (मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयुष्यभर जावा लिहायची, त्याचं हे प्रायश्चित्त समजा.) खुपायचं एकच. आपल्या रस्त्यांसाठी कंपनीनं ती उंच ठेवलेली आहे, त्यामुळे चाक आणि मडगार्डमध्ये चांगली चार बोटं जागा दिसते. आखूड झालेल्या पँटमधून मोजे दिसावेत तशी.

मग काय, एका शनिवारी गॅरेजला गेलो आणि लोअरिंग स्प्रिंगा टाकून आलो. गाडी 35 मिलिमीटर खाली. "शॉकअप तेच ठेवा, काही होत नाही," असं गॅरेजवाला म्हणाला आणि मला तेच ऐकायचं होतं, कारण शॉकअपचे पैसे वाचत होते. पार्किंगमधे गाडी काय दिसत होती म्हणून सांगू! ताम्हिणीला गेलो तर वळणावर गाडी पूर्वीसारखी झुकत नव्हती. महिनाभर मी हवेत होतो.

मग दिवाळी आली.

मांजरसुंब्यानंतर मोठा रस्ता सोडून गावाकडे वळलं की खरी परीक्षा सुरू होते. आमच्याकडची जमीन काळी. पाऊस पडला की पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगाळते. तिच्यावरचा रस्ता मग लाटा घेतो. त्यात सीझनला उसानं भरलेल्या ट्रॉल्या. म्हणजे खड्डे दोन जातींचे: एक लांब, मऊ लाट, आणि दुसरा धारदार काठाचा खड्डा. गाडीला दोन्ही वेगळे लागतात.

जाताना मी एकटा होतो, चालून गेलं. चार दिवसांनी आई-बाबांना मागच्या सीटवर बसवून केजला लग्नाला नेलं. डिकीत मामांना द्यायचं ज्वारीचं पोतं, पन्नास किलोचं. पहिल्याच लाटेवर मागून "धप्प" असा आवाज आला. दुसऱ्या लाटेला पुन्हा. आई "आई गं" म्हणाली आणि मग अख्खा रस्ता काहीच बोलली नाही. मी आरशात बघितलं तर एका हातानं वरचं हँडल धरलेलं, दुसरा हात कमरेवर.

पुण्याला परतल्यावर (आई एसटीनं, मी गाडीनं, आणि माझ्या आधी ती पोचली नाही हाच काय तो दिलासा!) डिग्रीची जुनी वही काढली. जे सेकंड इयरला पाठ करून पेपरात ओकलो होतो, ते आता आईच्या कमरेवर गिरवून शिकलो होतो.

गोष्ट साधी आहे. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि धक्का साठवून ठेवते. शॉकअप तो धक्का जिरवतो; आतलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि उड्या मारायची ताकद उष्णता होऊन निघून जाते. दोघांची जोडी जमावी लागते. स्प्रिंग समजा 30 टक्के कडक केली आणि शॉकअप तोच ठेवला, तर गाडी हलायचा वेग वर्गमूळाच्या हिशेबानं साधारण 14 टक्के वाढतो आणि शॉकअपची पकड 12 टक्क्यांनी कमी पडते. म्हणजे गाडी कडकही झाली आणि उड्याही जास्त मारायला लागली. दोन्हीकडून तोटा. मागचा कोपरा दाबून सोडून बघा: चांगला शॉकअप एका हेलकाव्यात गाडी थांबवतो. माझी अडीच-तीन घेत होती.

आणि तो "धप्प"? चाकाला वर यायला जागा ठराविक असते. शेवटी एक रबराचा ठोकळा असतो, बंप स्टॉप. मी 35 मिलिमीटर आधीच खाऊन टाकले होते, उरलेले आई, बाबा आणि ज्वारीनं खाल्ले. मग लाट आली की गाडी स्प्रिंगवर नाही, थेट ठोकळ्यावर बसायची. तो धक्का जिरत नाही. सीटमधून सरळ मणक्यात जातो.

आता काय टाकायचं? तीन शनिवार यात गेले. बाजारात बिल्स्टाइन या जर्मन कंपनीची नावं सगळ्यांच्या तोंडी असतात, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगतो. बी4 म्हणजे कंपनीच्या शॉकअपच्या जागी बसणारा, तसाच स्वभाव. बी6 मूळ उंचीसाठीच, पण कडक. बी8 आखूड, खाली आणलेल्या गाडीसाठी. म्हणजे माझ्या स्प्रिंगांना खरं तर हा लागत होता. आणि बी14 कॉइलओव्हर, उंची कमी-जास्त करता येणारा.

मन अर्थातच बी14 वर. पुण्यात खाली, गावाला जाताना वर! पण दर वेळी जॅक लावून चारही चाकं सेट कोण करणार? आणि अलाइनमेंट? शिवाय कायद्याचा मुद्दा आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून फारकत घेऊ देत नाही, सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये तेच बजावलंय. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीनं बोट दाखवलं तर?

मग राहिले बी4 आणि बी6. एका मित्राच्या पोलोला बी6 आहेत, ती मागून आणली. लाटांवर गाडी अशी सपाट चालली की मी फिदा झालो. मग मित्राला चालवायला दिली आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसलो. बारीक, धारदार खड्डा आला की खालून स्पष्ट कळत होतं. स्टिअरिंग हातात असताना त्याला आपण "फीडबॅक" म्हणतो. मागे बसल्यावर तो नुसता धक्का असतो.

त्या दिवशी आठवलं, सिट्रोएनची 2सीव्ही 1948 मध्ये आली, ती बनवताना अट होती म्हणे: नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एक अंडं फुटता कामा नये. फ्रान्समधल्या शेतकऱ्यासाठी केलेली गाडी. मी शेतकऱ्याचा पोरगा, आणि मी गाडी केली ती पार्किंगमधे बघायला.

शेवटी मूळ स्प्रिंगा परत, चारही बाजूंना बी4, सोबत नवे बंप स्टॉप आणि पुढचे माउंट. मोठ्या अलॉयचा विचारही सोडला. 185/60 आर15 टायरची भिंत 111 मिलिमीटर असते. ती हवेची गादी फुकटचं सस्पेन्शन आहे, ते कशाला घालवायचं? मोज्यांची चार बोटं पुन्हा दिसायला लागली. :-) ताम्हिणीत गाडी आता थोडी झुकते, खोटं कशाला सांगू. पण एकदा झुकली की तिथंच ठरते, डुचमळत नाही.

मागच्या महिन्यात आईला आणायला गेलो. "एकदाच बस. नाही बरं वाटलं तर केजला उतरवतो," म्हणालो. बाबांनी आधी मागचा कोपरा दाबून बघितला, मग पोतं डिकीत टाकलं. केज आलं, मी गाडी हळू केली. आई खिडकीतून बघत म्हणाली, "थांबलास का? चल की."

जामखेडला चहा पिताना मी न राहवून विचारलं, काही फरक वाटला का?

"कशाचा फरक? आधी होती तशीच तर हाय," आई म्हणाली. "मंग एवढे पैसे कशात घातलेस?"

असो. तुम्हीही सस्पेन्शन बदलायच्या विचारात असाल तर एकच करा. ज्याला घेऊन जायचंय त्याच्या सीटवर बसून, ज्या रस्त्यानं जायचंय त्या रस्त्यावर, डिकीत तेवढंच ओझं टाकून आधी एक चक्कर मारा. मग पैसे द्या.

जुन्या लोअरिंग स्प्रिंगा बाल्कनीत पडल्या आहेत. विकाव्यात म्हणतो, पण घेणाऱ्याच्या घरी कोण कोण आहे, हे आधी विचारीन.