‘वय झालं’ हे कुठल्या आजाराचे नाव?

आमच्या मोठ्या आईचे वय आता ७२. मोठी आई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी एवढे सांगितले. भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात तिची हयात रोवणा, कापणी आणि बिड्या वळण्यात गेली. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिच्या वडिलांनी तिला खांद्यावर बसवून दीक्षाभूमीवर नेले होते. तेव्हा ती तीन वर्षांची होती. तिला त्यातले काही आठवणे शक्य नाही, पण ऐकून ऐकून ती ते डोळ्यांनी पाहिल्यासारखे सांगते. मोठे बाबा गेल्यावर आम्ही तिला नागपूरला आमच्याकडे आणले.

दोन वर्षांपूर्वी ती हळूहळू मंदावत गेली. आधी विहारात जाणे कमी झाले. मग थंडी वाजू लागली, इतकी की मार्च महिन्यात, नागपूरच्या मार्चमध्ये, ती शाल पांघरून बसायची. पोट साफ होईना. चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला आणि आवाज जाड झाला. बुद्धजयंतीला भीमगीतांचा पहिला सूर लावणारी बाई ‘गळा बसला’ म्हणून मागच्या रांगेत जाऊन बसली. तळपायाला मुंग्या यायच्या. गॅसवर दूध ठेवून विसरायची. आम्ही विचारले की तिचे उत्तर ठरलेले. ‘‘वय झालं ना बाबू आता. तुले नाही समजत.’’

आणि आम्हीही ते मान्य केले! समाजशास्त्रात एम.ए. केलेले आम्ही, दहा वर्षे वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करणारे आम्ही, दुसऱ्यांच्या घरी जाऊन बाळंतिणीचे हिमोग्लोबिन विचारणारे आम्ही. घरातल्या बाईबद्दल मात्र ‘वय झाले’ एवढ्या दोन शब्दांवर आमचे समाधान झाले. विहारातल्या काही बायका तर म्हणाल्या की पुतण्याचे घर पक्के झाले, म्हातारी माजली, आता आपल्यात येत नाही.

वस्तीजवळच्या एका डॉक्टरांकडे नेले होते. त्यांनी तपासणी न करता लोह आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या दिल्या, कॅल्शियम दिले, कोलेस्टेरॉल वाढले म्हणून त्याची एक गोळी दिली. पायाच्या मुंग्या शुगरमुळे आहेत म्हणाले. तिला मधुमेह आहे आणि दहा वर्षांपासून ती मेटफॉर्मिन घेते, तेव्हा ते आम्हाला पटले. विसरण्याबद्दल विचारले तर ते हसले आणि तेच दोन शब्द बोलले.

शेवटी सरकारी रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टर बाईंनी तिचा हात हातात घेतला, कोरडी कातडी पाहिली, तिचा आवाज ऐकला आणि विचारले, ‘‘थायरॉईड कधी तपासलंय?’’ कधीच नाही. रिपोर्ट आले ते असे: टीएसएच ४८, हिमोग्लोबिन ८.९, बी-१२ फक्त १४२, व्हिटॅमिन डी ११. टीएसएच साधारण चार-पाचच्या आत असावे लागते. म्हातारपणी थोडे वर चालते, पण ४८ नव्हे. हे हार्मोन मेंदूजवळच्या ग्रंथीतून येते आणि गळ्यातल्या थायरॉईडला ‘काम कर’ म्हणून सांगते. थायरॉईड ऐकत नाही तेव्हा टीएसएचचा आवाज वाढत जातो. म्हणजे वर्षभर तिचे शरीर ओरडत होते आणि आम्ही सगळे मिळून तिला म्हातारी म्हणत होतो. थंडी, बद्धकोष्ठ, जाड आवाज, मंद झालेली बुद्धी, वाढलेले कोलेस्टेरॉलसुद्धा, हे सारे थायरॉईड मंदावल्याने होते. मुंग्यांमागे मधुमेहासोबत बी-१२ ची कमतरताही होती. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतली तर बी-१२ कमी होऊ शकते. त्यात धोका असा की नुसते फॉलिक अॅसिड देत राहिले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण नसांची हानी आतल्या आत चालूच राहते. सहा महिने तेच चालले होते.

इथे आमच्या चुकीचे सांगतो. बाकीच्यांवर टीका करून स्वतःला सोडणे बरोबर नाही.

डॉक्टर बाईंनी लेव्होथायरॉक्सिन २५ मायक्रोग्रॅमपासून सुरू केले. म्हाताऱ्या माणसाला एकदम मोठा डोस देत नाहीत, हृदयावर ताण येतो. शिवाय लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन डीची पुडी आणि बी-१२ ची इंजेक्शने. आम्ही मोठ्या शिस्तीने एक डबी आणली आणि रोज सकाळी सगळ्या गोळ्या तिच्या तळहातावर ठेवून चहाबरोबर गिळायला लावल्या. केवढे समाधान वाटायचे! दोन महिन्यांनी टीएसएच ३१. डोस वाढवला. पुन्हा तपासले तर २६. आणखी वाढवला. मोठी आई म्हणाली, ‘‘मले नको देऊ आता गोळ्या, पैसे वाया जाते तुहे.’’ तिला महिन्याला श्रावणबाळचे दीड हजार मिळतात आणि आपला खर्च त्याच्या वर जाऊ नये याचा ती सतत हिशेब करते.

मग औषधाच्या खिडकीवरच्या फार्मासिस्टने आम्हाला विचारले, ‘‘गोळी घेता कशी?’’ आम्ही अभिमानाने सांगितले. त्यांनी कपाळाला हात लावला. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. त्यानंतर अर्धा-पाऊण तास, जमल्यास तासभर चहासुद्धा नाही. लोह आणि कॅल्शियम यांच्यात व थायरॉईडच्या गोळीत चार तासांचे अंतर हवे, कारण ती दोन्ही पोटात या औषधाला धरून ठेवतात आणि ते रक्तात जातच नाही. लोह आणि कॅल्शियमही एकमेकांपासून लांब ठेवायचे. लोहावर चहा प्यायला तर लोहही फुकट. लिंबू पिळलेल्या वरणभाताबरोबर घेतले तर चांगले लागते. चार महिने आम्ही तिला औषध देत होतो आणि त्याच तळहातावर ते निकामीही करत होतो.

हे आधी कुणीच का सांगितले नाही? चिठ्ठीवर इंग्रजीत दोन-तीन अक्षरे लिहिलेली असतात. डॉक्टरांसमोर एक मिनिट मिळतो. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षरापासून लांब ठेवले, त्या समाजातल्या बाईला चिठ्ठी इंग्रजीत मिळते आणि मग ‘हे लोक औषध नीट घेत नाहीत’ असा शेरा मिळतो. पण इथे तर चिठ्ठी वाचता येणारा घरातच बसला होता, त्यानेही विचारले नाही. व्यवस्थेवर लिहिताना आम्हाला ही गोष्ट बोचते.

वेळापत्रक बदलले. पहाटे साडेपाचला पाण्याबरोबर गोळी. पण चहाशिवाय एक तास काढायचा कसा? चहाशिवाय तिचा दिवस उघडतच नव्हता. तोडगा तिनेच काढला. आधी चहा, मग अंघोळ आणि वंदना असा तिचा क्रम होता. तो तिने उलटा केला. गोळी, अंघोळ, त्रिशरण-पंचशील, मग ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची दोन पाने आमच्याकडून वाचून घेणे, आणि मग चहा. लोह दुपारी, कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर.

आता गंमत पाहा, म्हणजे गंमत नाहीच ती. डोस वाढवला होता तो गोळी लागत नव्हती म्हणून. आता गोळी लागू लागली आणि डोस तोच. सहा आठवड्यांच्या आत तिची छाती धडधडू लागली, झोप उडाली, हात थरथरू लागले. आम्हाला वाटले, इतक्या महिन्यांनी अंगात जोर आला! टीएसएच ०.२ निघाले. म्हणजे गरजेपेक्षा जास्त. म्हाताऱ्या बायकांत असे राहिले तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडे ठिसूळ होतात. डॉक्टर बाईंनी डोस कमी केला आणि बजावले की दर बदलानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचेच. आपल्या मनाने वाढवायचे नाही, आणि बरे वाटते म्हणून बंद तर मुळीच करायचे नाही.

व्हिटॅमिन डीच्या पुडीचेही असेच. ती ६०,००० युनिटची, आठवड्याला एक, आठ आठवडे. शेजारच्या एका आजींनी ती जुलाबाच्या साखर-मीठ पुडीसारखी समजून रोज एक, अशी तीन दिवस घेतली होती. वेळेत कळले.

बी-१२ च्या निमित्ताने आम्हाला आपल्या माणसांशीच थोडे भांडायचे आहे. हे जीवनसत्त्व निसर्गतः प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातच असते. मोठी आई तलावांच्या जिल्ह्यातली. धानाच्या बांधीतली मासोळी, सुकलेले झिंगे, बाजाराच्या दिवशी मोठ्याचं मटण, कलेजी, हे तिचे अन्न होते आणि तेच तिचे लोह आणि बी-१२ होते. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाच्या ताटातले सर्वांत स्वस्त मांस गेले. त्याला आपण विरोध केला, लेख लिहिले. पण चार वर्षांपूर्वी एका शिबिरात आपल्याच एका उपदेशकाने या बायकांना सांगितले की खरा बौद्ध मांस खात नाही. तिने त्या दिवसापासून मासोळीही सोडली, अंडेही सोडले. २२ प्रतिज्ञांत दारूला नकार आहे. मांसाहार सोडण्याची प्रतिज्ञा त्यांत कुठे आहे ते त्या उपदेशकाने दाखवावे. गरजेपोटी मारणे आणि मारण्याची हौस असणे यांतला फरक बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये मांडला आहे. ज्यांच्या घरी दूध, तूप, पनीर पिढ्यान्‌पिढ्या आहे त्यांचा शाकाहार आणि मधुमेहाची गोळी घेणाऱ्या शेतमजूर बाईचा वरणभात एकच नव्हेत. शुद्ध-अशुद्धाचा जो निवाडा आपण १९५६ ला नाकारला, तो मागच्या दाराने ताटात येऊ देऊ नये.

हे सगळे आम्ही तिला ऐकवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘‘सोडलं ते सोडलं. तू मले सुई दे.’’ निर्णय तिचा आहे. तेव्हा सुई एक दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला. शाकाहार करायचा तर करावा, पण बी-१२ तपासून आणि भरून काढून करावा, एवढेच शिबिरात सांगितले असते तरी पुरे होते.

व्हॉट्सअॅपच्या गटांवर, आपल्या गटांवरसुद्धा, धन्याचे पाणी, सैंधव मीठ आणि कपालभातीने थायरॉईड मुळापासून जातो असे फिरत असते. आयोडीनच्या अभावाने गलगंड होतो म्हणून १९६२ पासून सरकारी कार्यक्रम चालू आहे, आणि २००६ पासून खाण्यासाठी आयोडीन नसलेले मीठ विकायला पुन्हा बंदी आहे. ते मीठ सोडून सैंधव घेणे म्हणजे मिळालेले घालवणे. पण आयोडीनच्या मिठाने मोठ्या आईसारख्यांची बिघडलेली ग्रंथी दुरुस्तही होत नाही. तिथे गोळीच लागते. आणखी एक, केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर थायरॉईडच्या तपासणीआधी डॉक्टरांना सांगा; काही यंत्रांवर त्याने रिपोर्ट चुकीचा येतो.

आता आकड्यांकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत भारतातल्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हा आकडा आपण भाषणांत देतो, आम्हीही देतो. पण त्यात १५ ते ४९ वयाच्याच स्त्रिया आहेत. मोठी आई त्यात कुठे नाही. मूल होण्याचे वय संपले की बाई त्या आकड्यातून बाहेर. ७० वर्षांवरच्यांसाठी २०२४ मध्ये पाच लाखांचे आयुष्मान कार्ड आले, तिचेही काढले. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर चालते. रोजच्या एका गोळीला आणि दोन महिन्यांच्या एका तपासणीला ते कामाचे नाही. भरती होण्याइतकी ती आजारी पडू नये म्हणून जो खर्च आहे, तो तिच्या दीड हजारांतून. गोळी जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळते, ती तरी तिथून घ्यावी.

आणि चळवळ? जयंतीला ज्येष्ठ उपासिकांचा शाल देऊन सत्कार होतो. आम्ही स्वतः अशा तीस-चाळीस शाली दिल्या असतील. एकीलाही विचारले नाही की मावशी, तुम्हाला थंडी का वाजते.

मोठ्या आईचे शेवटचे टीएसएच ३.९, हिमोग्लोबिन ११.२. मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत. उशीर झाला होता, काही नसा परत येणार नाहीत असे डॉक्टर म्हणाल्या. दूध आता उतू जात नाही. गेल्या पौर्णिमेला ती पांढरी साडी नेसून विहारात गेली आणि पुढच्या रांगेत बसली.

विहाराच्या मागच्या खोलीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही वयस्क बायकांच्या औषधांच्या पिशव्या पाहायला सुरुवात केली आहे. डॉक्टरकी करायची नाही, फक्त कोणती गोळी कधी आणि कशाबरोबर घेता ते विचारायचे, मराठीत मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्यायचे आणि शंका असेल त्याला रुग्णालयात सोबत न्यायचे. पहिल्या रविवारी नऊ जणी आल्या. त्यातल्या एकीच्या पिशवीत थायरॉईडची बाटली निघाली. चार वर्षांपासून घेते म्हणाली, सकाळी चहात बुडवलेल्या टोस्टाबरोबर, आणि बाटली ठेवते चुलीच्या वरच्या फळीवर. आम्ही कागद घेईपर्यंत मोठी आई तिच्या शेजारी सरकून बसली होती आणि सांगत होती, ‘‘चहा मांगून घ्याचा वं बाई. पहिले गोळी.’’