हुकमाचा ताबेदार

जो आवाज करतो तोच बिघडलेला, असं आपण पटकन धरून चालतो. याचा सगळ्यात जास्त जाच कुणाला होत असेल तर तो कॉम्प्युटरच्या फॅनला. काम सुरळीत चाललेलं असतं, मध्येच टेबलाखालून घुंईऽऽ असा सूर चढतो आणि घरातलं कोणीतरी फर्मान काढतं, "तो फॅन गेलाय, बदलून आणा." बिचारा बदललाही जातो. मग नवा येतो आणि तोही चार दिवसांत तसाच ओरडायला लागतो.

दिसायला हा गृहस्थ अगदी साधा. 92 किंवा 120 मिलिमीटरची प्लास्टिकची चौकट, त्यात बहुधा सात किंवा नऊ पाती आणि शेपटीला चार तारा. त्याचा स्वभाव कळायचा तर या तारांकडे बघायला हवं. दोन तारांतून त्याला 12 व्होल्टचा खुराक मिळतो. तिसरीतून तो बोलतो आणि चौथीतून ऐकतो. बोलणं मोजकंच: एका फेऱ्याला दोन ठोके. मदरबोर्ड ते ठोके मोजतो. सेकंदाला चाळीस आले तर मिनिटाला 1200 फेरे, असा हिशेब. चौथ्या तारेवरून येणारा हुकूम सेकंदाला सुमारे 25 हजार वेळा चालू-बंद होत असतो आणि त्यातला किती टक्के वेळ 'चालू' आहे, त्यावरून याचा वेग ठरतो. माणसाचा कान वीस हजारांपुढचं ऐकत नाही, म्हणून हे हुकूम आपल्याला कधी ऐकू येत नाहीत. ऐकू येतं ते फक्त त्याचं पळणं.

सगळी मेख इथे आहे. या फॅनला उष्णतेतलं काही कळत नाही. प्रोसेसरच्या पोटातला सेन्सर तापमान सांगतो, मदरबोर्डवरची एक चिप ते वाचते, बायोसमध्ये लिहून ठेवलेल्या कोष्टकात बघते – इतके अंश, इतका वेग – आणि याला फर्मावते. कोष्टक दुसऱ्याचं, ताप तिसऱ्याचा आणि शिव्या याला.

त्यातून ज्याच्या तापावर याची नोकरी चालते तो प्रोसेसर महाउतावळा. ब्राउझरची एक खिडकी उघडा, तो आपला वेग टर्बोत नेतो, आणि नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्याचं तापमान डोळ्याचं पातं लवायच्या आत वीस-तीस अंशांनी उडी मारतं. काम संपतं आणि पारा तितक्याच घाईने खाली येतो. वर बसवलेल्या हीटसिंकच्या ढेपेला मात्र या सगळ्याचा पत्ताही नसतो. तिला तापायला मिनिटं लागतात. फोडणी तडतडली म्हणून कोणी कढई चुलीवरून उतरवत नाही; पण आपला ताबेदार प्रत्येक तडतडीला धावत सुटतो, थबकतो, पुन्हा धावतो. कायम चढलेल्या आवाजापेक्षा हा वर-खाली होणारा आवाज डोक्यात जास्त जातो.

यावर औषध आहे आणि ते फुकट आहे. बायोसमध्ये फॅनच्या पानावर 'स्टेप अप', 'स्मूदिंग' किंवा 'हिस्टेरेसिस' अशा नावांची एखादी सोय बहुतेक बोर्डांत असते. तापमान चढल्यावर वेग वाढवण्याआधी काही सेकंद थांब, एवढंच तिथे सांगायचं. शिवाय साठ-पासष्ट अंशांपर्यंत आलेख जवळजवळ सपाट ठेवायचा. हीटसिंक तेवढे सेकंद सहज पोटात घालतो. काही जण घाईघाईने कमाल वेगच खाली ओढून ठेवतात, ते मला मुळीच पटत नाही. शिकवायचा धीर, तोंड दाबायचं नाही.

कारण कधीकधी त्याचं ओरडणं शंभर टक्के खरं असतं. काम दिल्यावर पारा सेकंदभरात नव्वदीला जातो की पाच-दहा मिनिटांत हळूहळू चढतो, हे आधी बघावं. झटक्यात गेला तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांचं जुळलेलं नाही: मधली पेस्ट वाळलीय किंवा ढेप एका कोपऱ्यात उचललेली आहे. प्रोसेसरसोबत येणाऱ्या कंपनीच्या अनेक कूलरना चार कोपऱ्यांत चार पिना असतात. त्या समोरासमोरच्या जोडीने, 'टक्' होईपर्यंत दाबायच्या असतात, आणि चौथी हमखास अर्धवट राहते. प्रोसेसर पंचाण्णव अंश सांगतोय आणि हीटसिंकच्या पत्र्यांना हात लावला तर कोमट, असं असेल तर फॅन कितीही पळो, तो थंड धातूलाच वारा घालतोय. हळूहळू चढत असेल तर अडचण हवेची. कॅबिनेटची बाजू काढून बघा. पाच-सात अंश उतरले, तर आतली गरम हवा बाहेर पडत नाहीये.

लॅपटॉपमध्ये बहुधा पत्र्यांच्या तोंडाशी धुळीची चक्क गादी जमलेली असते. ती उडवण्याला दुकानात 'ब्लोअर मारणं' म्हणतात. मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर बेअरिंगने कधी न पाहिलेल्या वेगाने ती भिरभिरतात. आणि सूर न चढता नुसती घरघर येत असेल, तर तो त्याचा स्वतःचा आजार. वंगण सुकलंय, तेव्हा मात्र खुशाल बदला.

उलट तऱ्हाही दिसते: काम वाढलं तरी हा ढिम्म. अशा वेळी त्याच्या आलेखाला प्रोसेसरऐवजी मदरबोर्डचं तापमान जोडलेलं असू शकतं, आणि बोर्ड आपला गारच असतो. कायम पूर्ण वेगाने पळणारा बहुधा तीन तारांचा निघतो. हुकूम ऐकायची तारच नाही, आणि पोर्ट व्होल्टेज कमी करून वेग आवरणारा नसेल, तर तो बापडा थांबणार कशाने?

वेगाचं गणित मात्र निर्दयी आहे. वेग दुप्पट केला की हवा दुप्पट, पण वीज आठपट, आणि आवाज सुमारे पंधरा डेसिबलने वर. म्हणून एका छोट्याला दामटवण्यापेक्षा मोठा, संथ फॅन केव्हाही बरा.

फॅन नकोच, असंही काहींना वाटलं होतं. स्टीव्ह जॉब्सला त्याचा आवाज सहन होत नसे. 1980 सालचा ॲपल थ्री फॅनविना निघाला; उष्णता ॲल्युमिनियमच्या अंगातून बाहेर पडावी अशी कल्पना. मशीन तापायचं, आतल्या चिपा सॉकेटमधून सैल व्हायच्या, आणि तेव्हाचा प्रसिद्ध इलाज म्हणजे ते टेबलावरून थोडं उचलायचं आणि सोडून द्यायचं. चिपा आपटून जागेवर बसत. चार वर्षांनी मॅकिंटॉशही फॅनशिवायच आला.

आपल्याकडे हा शौक परवडणारा नाही. वारा घालून खोलीपेक्षा गार काही होत नसतं; मे महिन्यात नागपुरातली खोली बेचाळीस अंशांवर असेल तर हीटसिंक एक्केचाळीसवर जाणार नाही. डिसेंबरात नेमून दिलेला आलेख तेव्हा काही कामाचा नसतो. उन्हाळ्यात हा गृहस्थ काहीही काम नसताना पंधराशेवर फिरताना दिसला, तर त्याला दुकानात नेऊ नये.

दसऱ्याला मात्र त्याची आठवण ठेवावी. खंडेनवमीला कॅबिनेटवर हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात, आणि ती नेमकी हवा आत घेणाऱ्या पुढच्या जाळीवर लोंबते. पूजा आटोपून मशीन लावलं की घुंईऽऽ सुरू. माळ मॉनिटरला घालावी.