एक नग करून द्या, काका

वैतरणा ते बोईसर या पट्ट्यात नव्वदच्या दशकात रिमोटच्या रेसिंग बग्ग्या पळवणारे आम्ही थोडेच होतो. दुकानात जाऊन बग्गी निवडावी, अशी सोयच नव्हती. कुणाचा मामा जहाजावर, कुणाचे काका आखातात. त्यांच्या बॅगेतून निघेल ती आपली. 1985 साली जपानात तामियाची ‘हॉटशॉट’ आली आणि क्योशोची ‘ऑप्टिमा’, दोन्ही चारही चाकांना जोर देणाऱ्या. आमच्यापर्यंत पोचल्या त्या बहुतेक त्याच पिढीतल्या, आधी कुणीतरी पळवून पळवून दमवलेल्या. सोबत सुटे भाग उलगडून दाखवणारा कागद आला तर सण. त्याच्या झेरॉक्स सगळ्यांकडे असत आणि ज्याचा जो भाग मोडलेला, त्याची त्या भागाभोवती पेन्सिलीची खूण.

आज तोच कागद फोनवर फुकट मिळतो. प्रत्येक भागाला नंबर, प्रत्येक नंबरापुढे किंमत आणि खाली त्याच भागाचे आणखी पाच पर्याय: नायलॉनचा, अॅल्युमिनियमचा, कार्बनचा. आमच्यापुढे प्रश्न असे, ‘काय बसेल?’ आताच्या मुलांपुढे आहे, ‘काय उत्तम?’ दुसरा प्रश्न नक्कीच सुखाचा आहे. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला घराबाहेर पडावं लागायचं, आणि मला त्या बाहेर पडण्याचीच आठवण जास्त येते.

बोईसरहून शटल धरायची, विरारला गाडी बदलायची आणि ग्रँट रोडला उतरायचं. लॅमिंग्टन रोडवर वायर, कनेक्टर, बॅटरीचे सेल. तिथून बेअरिंगसाठी नागदेवी स्ट्रीट. तेव्हाच्या पुष्कळ गाड्या चाकांत प्लॅस्टिकचे नाहीतर पितळी बुश घालूनच यायच्या, आणि ते काढून बॉल बेअरिंग बसवणं ही पहिली सुधारणा. आतला व्यास 5 मिलिमीटर, बाहेरचा 11, जाडी 4. कारखान्यांना माल देणाऱ्या दुकानदाराला एवढीशी बेअरिंग मागितली की तो आधी आम्हाला न्याहाळायचा, मग मागच्या फळीवरचा डबा काढायचा. बेअरिंग बोटावर फिरवून, कानाशी नेऊन ऐकायची आणि मगच पैसे द्यायचे. हे ऐकणं आम्ही त्याच्याकडूनच शिकलो.

परतीच्या शटलमध्ये खरी सभा भरे. डब्यात एमआयडीसीतले फिटर, टर्नर, अणुविद्युत केंद्रातले इन्स्ट्रुमेंटवाले. मोडलेला डॉगबोन, म्हणजे डिफरन्शियलपासून चाकापर्यंत फिरणारी ती दोन गोळ्यांची दांडी, हातोहात फिरायची. एक म्हणे पाणी कमी दिलंय, दुसरा म्हणे पोलाद चांगलंय, तुमचा कोन चुकतोय. वैतरणेचा पूल येईपर्यंत चारपाच मतं जमलेली असत. ती सगळी बरोबर नसत. काही साफ चुकीची असत, आणि त्यांच्या नादाने आमचे महिने फुकट गेले. आज असल्या शंकेचं उत्तर पाच मिनिटांत मिळतं, तेही जगभर शर्यती जिंकलेल्या माणसाकडून. 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल धावते, गर्दी तीच आहे. पण मोडका भाग खिशात घेऊन प्रवास करण्याचं कारण उरलेलं नाही.

बोईसरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर एक काका होते. जेवणाच्या सुट्टीत ते आमचं काम करत. “एक नग करून द्या, काका,” एवढंच आम्ही म्हणायचो. ते व्हर्निअर लावायचे, आकडा कागदावर लिहायचे आणि मग विचारायचे, “मोडलं कसं ते सांग.” एकदा पुढच्या आर्मची, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दांडीची, पिन सारखी वाकत होती. आम्ही म्हटलं, कडक पोलादाची करा, पुन्हा वाकायलाच नको. त्यांनी मान हलवली. “पिन वाकते म्हणून गिअरबॉक्स वाचतोय. स्वस्तातला भाग आधी मोडला पाहिजे.” त्यांनी मऊ सळईच्या पिना कापून दिल्या, जास्तीच्याही.

आजच्या गाडीत अपग्रेड म्हटलं की मुलं पहिल्यांदा रंगीत अॅल्युमिनियम मागवतात. दिसतं देखणं. पण नायलॉनचा आर्म धक्क्याला लवतो आणि सरळ होतो. अॅल्युमिनियमचा वाकला की वाकलेलाच राहतो, आणि वाकला नाही तर धक्का पुढे चासीला पोचवतो. काकांनी पिनेवरून सांगितलं ते हेच. आणि नव्या पिढीतले जाणते हे आमच्याहून चांगलं जाणतात, हेही कबूल केलं पाहिजे. मधल्या डिफरन्शियलमध्ये जाड सिलिकॉन तेल का घालायचं, हे सोळा वर्षांचा मुलगा मला समजावून देतो: वेग घेताना पुढची चाकं हलकी होतात, जोर तिकडेच वाया जातो, जाड तेल तो मागे राखतं. आम्ही शॉकअॅब्सॉर्बरमध्ये मोटरसायकलच्या फोर्कचं तेल ओतायचो. त्याने सिलिकॉनच्या ओ-रिंग फुगतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हाची वीज तर आठवूच नये. निकेल-कॅडमियमचे सहा सेल, 7.2 व्होल्ट. सावकाश चार्ज करायचे म्हटले की रात्र जायची आणि सकाळी शेतात पाच-सात मिनिटांत खेळ संपायचा. उरलेला चार्ज काढून टाकायला मोटारीच्या हेडलाइटचा बल्ब जोडायचा आणि तो विझेपर्यंत बसून राहायचं. वेग कमी-जास्त करायला सर्व्होने सरकणारी एक पट्टी असे. अर्ध्या वेगाला उरलेली वीज रेझिस्टरमध्ये नुसती तापून जाई. मोटरचे कार्बन ब्रश झिजत, कम्युटेटर काळा पडे. उघडता येणारी मोटर असली तर काका तो लेथवर अलगद घासून द्यायचे. आता ब्रशलेस मोटर आहे, तिच्यात झिजणारे ब्रशच नाहीत. लिथियम-पॉलिमर बॅटरी वजनाने हलकी, कितीतरी जास्त वेळ चालणारी. तिची शिस्त मात्र निराळी: सेल 4.2 व्होल्टच्या वर न्यायचा नाही, 3 च्या खाली उतरवायचा नाही, ठेवून द्यायचा तर 3.8 वर. शिस्त मोडली तर ती पेट घेऊ शकते. आमची बॅटरी फार तर रुसायची.

एक रीत मात्र मला कुठल्याही सोयीपेक्षा मोलाची वाटते. आमचे रिमोट 27 मेगाहर्ट्झवर चालत आणि त्या पट्ट्यात रंगांनी ओळखले जाणारे सहा चॅनल होते: तपकिरी, लाल, केशरी, पिवळा, हिरवा, निळा. दोघांचा रंग एक आला तर एकाची गाडी दुसऱ्याच्या बोटांनी पळायची. म्हणून भात कापलेल्या शेतात पोचलं की कुणी स्विच लावत नसे. आधी सगळे गोल उभे राहायचे. “तुझा कुठला?” “पिवळा.” “माझाही.” मग चॅनल ठरवणाऱ्या क्रिस्टलची अदलाबदल, अँटेनाला त्या रंगाची फीत, आणि कमी पडला तर एकाने गप्प बसून दुसऱ्याची गाडी बघायची. आताच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या रिमोटला हे विचारावं लागत नाही. तो आपल्या गाडीशी जोडला जातो, शेजारी कितीही गाड्या असोत. फार चांगलं झालं. त्या गोंधळात किती गाड्या बांधावर आपटून फुटल्या! पण चालवायच्या आधी प्रत्येकाने प्रत्येकाशी बोलायचं, ही सक्ती त्याबरोबर गेली.

भाग मिळणं आता अगदीच सोपं झालंय असंही नाही. 2020 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं सीमाशुल्क 20 वरून 60 टक्के झालं आणि त्याच नोव्हेंबरात अलिएक्स्प्रेस अॅपवर बंदी आली. स्वस्तात चीनहून सुटे भाग मागवणारे कितीतरी जण एका रात्रीत आमच्यासारखे झाले, हाताशी आहे त्यात भागवणारे. दुसरीकडे तामियाने 2007 साली हॉटशॉट आणि क्योशोने 2016 साली ऑप्टिमा पुन्हा बाजारात आणली. आमची हळहळ आता खोक्यात भरून विकत मिळते, आणि मी तीही घेतली असती.

बोईसरच्या वर्कशॉपमध्ये आता सीएनसी आहे. काम बिनचूक होतं, पण एका नगासाठी मशीन लावणं त्यांना परवडत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. एक नग आता पालघरमधल्या एका घरातला थ्री-डी प्रिंटर करून देतो. त्या घरातली मुलगी संगणकावर आर्म काढते, रात्री प्रिंट लावते, सकाळी गाडीत बसवते. प्रिंटर सांगितलं तेवढं करतो; मोडलं कसं, ते विचारत नाही. म्हणून हल्ली प्रिंट लावण्याआधी ती मला ड्रॉइंग दाखवते. परवा तिने आर्मची जाडी दीड मिलिमीटर वाढवली होती. मी विचारलं, मग आता आधी काय मोडेल? तिने स्क्रीनवर गाडी फिरवून पाहिली आणि जाडी परत कमी केली.