अजून अर्धा तास

परवा ऑफिसात एका ज्युनियर पोराने विचारलं, "सर, रिलीज विंडो संपत आलीये, अजून अर्धा तास मिळेल का?" मी इतक्या जोरात "नाही" म्हणालो की पोरगं दचकलं. नंतर त्याला चहा पाजला, पण कारण काही सांगितलं नाही. ते इथे सांगतो.

२०२१ चा मे महिना. वर्क फ्रॉम होमच्या कृपेने वर्षभर मी गावीच होतो. आमचं गाव कर्ली नदीच्या काठी, सिंधुदुर्गात. देवबागला समुद्राला मिळते ती कर्ली. शाळेतला माझा एक मित्र तिथे वडिलांच्या मागे त्यांची होडी चालवतो. वर्षभर मी त्याच्या मागे लागलो होतो, एकदा गरवायला ने म्हणून. (गरवणं म्हणजे गळ टाकून मासे धरणं.) त्याने बोलावलं की नेमका माझा कुठला तरी कॉल निघायचा.

पुढच्या आठवड्यात मी पुण्याला परतणार होतो. शनिवारी, १५ मेला, तो सकाळीच दारात. "येतंस काय गरवूक?"

अरबी समुद्रात तेव्हा तौक्ते वादळ वर सरकत होतं. नाव म्यानमारने दिलेलं, अर्थ पाल. समुद्रात जायला बंदी होती, पण आत नदीत अजून तसं शांत होतं. त्याने जाळी आदल्या दिवशीच घरी आणून टाकली होती. राहिली होती फक्त होडी. "दोनाक भरती पुरी होतली. त्याच्या आदी होडी वर घेवक व्हयी. एक वाजता निघाया." मी हो म्हटलं.

आठच्या सुमाराला सुकती संपली आणि आम्ही खाली तोंडाच्या बाजूला गेलो. आभाळ भरलेलं, मधूनच वाऱ्याचा एक झोत यायचा आणि पाण्यावर काटा उठायचा. गरीला जिवंत कोलंबी लावून कांदळवनाच्या कडेला दोर सोडले. दोन काळुंदरं आली, एक शेंगटी आली. शेंगटीचा काटा लागला की हात ठणकतो, म्हणून ती त्यानेच सोडवली. शाळा, मास्तर, कोणाचं लग्न कुठे अडकलंय... बऱ्याच वर्षांनी असे बसलो होतो.

एक वाजायला आला तेव्हा माझ्या दोराला जबरदस्त ओढ बसली. तांबोशी! ती मुळांत घुसली आणि दोर तुटला. आता निघायचं? "अजून अर्धा तास," मी म्हणालो. त्याने एकदा पाण्याकडे पाहिलं. "बरां, रवया." दीडला मी तेच म्हणालो. दोनला पुन्हा तेच. सव्वादोनला मिळाली एकदाची. दोन किलोची तरी असेल. मी फोटो काढत बसलो. तो मुकाट्याने नांगर ओढत होता.

निघालो तर ओहोटी लागलेली, वरून समोरचा वारा. घरी पोचेपर्यंत साडेतीन वाजले. त्याच्या माडांच्या बागेमागे एक वहाळ आहे, पुऱ्या भरतीला होडी त्यातून सरळ आत जाते. आता वहाळाच्या तोंडाशी चिखल उघडा पडायला लागला होता. शेजारचे चौघे आले, ढकललं, होडी रुतली. शेवटी मशीन काढून घरी नेलं आणि होडी बाहेरच चिऱ्याच्या बांधाला चार दोरांनी बांधली. पुढची भरती रात्री अडीचच्या सुमाराला. तेव्हा अंधार, पाऊस, आणि वारा असा की दार उघडवत नव्हतं.

रविवारी वादळ आमच्या किनाऱ्याबाहेरून वर गेलं. सोमवारी रात्री ते गुजरातला धडकलं. आमच्याकडे माड पडले, विजेचे खांब पडले, वीज किती तरी दिवस नव्हती. आणि होडी रात्रभर बांधावर आपटून बुडातून फुटली होती. पावसाळ्याच्या तोंडावर, जेव्हा नदीत मासे लागतात, तेव्हाच ती उलटी घालून ठेवावी लागली.

मी इंजिनियर माणूस, हिशोब नंतर मांडला. भरतीचं पाणी एकसारखं उतरत नाही. साधारण सहा तासांत उतरतं. एकूण उताराचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. म्हणजे पहिला तास फारसं काही बिघडत नाही, म्हणूनच माणूस फसतो. एकला निघालो असतो तर पाणी अजून चढतं होतं. दोनला निघालो असतो तरी कदाचित जमलं असतं.

हे गणित त्याला तिथेच, होडीत बसल्या बसल्या, माहीत होतं. तरी तो "बरां, रवया" म्हणाला. का, ते मी अजून विचारलेलं नाही. वर्षभर "आज नको रे, कॉल आहे" ऐकल्यावर मित्र आज स्वतःहून थांब म्हणतोय, एवढंच असेल कदाचित.

दुरुस्तीचे पैसे द्यायला गेलो तर घेईना. मी फारच आग्रह केला तेव्हा हसून म्हणाला, "जांवदे रे. तांबोशी गावली मां?"

गावली खरी. रात्री आईने तिचं सार केलं होतं. बाहेर वारा वाढत होता, आणि मी दोनदा भात घेतला होता.